अभ्यासिकेतली भुतं : प्रकल्प नोंदी

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. एमपीएससी, पोलीस भरती, बारावी, सगळी पोरं-पोरी तिथंच बसतात. आज माल मोजून घेतला. देणगीतून आलेले आठ लॅपटॉप, एक डेस्कटॉप, एक लेझर प्रिंटर, दोन टॅबलेट, एक स्मार्ट टीव्ही, आणि कपाटाच्या तळाशी तालमीच्या जुन्या स्मरणिकांच्या सीड्या.

लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे, सगळ्यांवर विंडोज १०. परवा, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. आमच्या आठांपैकी एकही त्यात बसत नाही. सुरक्षा अपडेट आणखी वर्षभर मिळू शकतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं जोडावं लागतं. यंत्रं तशी धडधाकट आहेत. बिजागऱ्या सैल, दोन-तीन बॅटऱ्या गेलेल्या, एवढंच.

सानिका (बीसीए, दुसरं वर्ष) आणि प्रथमेश (डिप्लोमा) मदतीला. आबा देखरेखीला. आबांचं सगळं आयुष्य उद्यमनगरात लेथवर गेलं. संगणकातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते आधीच सांगून टाकतात आणि मग नेमका अडचणीचा प्रश्न विचारतात. आजचा प्रश्न : "चालतंय न्हवं अजून? मग बंद कुणी केलं?"

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्या लॅपटॉपना जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्या. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली घातली. चार जीबी रॅमवर तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती व्यवस्थित चालते. मिंटच्या २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट ठेवला.

प्रथमेश सांगत होता, मायक्रोसॉफ्टनं या महिन्याच्या सुरुवातीला विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीतून खात्याशिवाय मशीन सुरू करायच्या माहीत असलेल्या पळवाटा काढून टाकल्या. म्हणजे पुढं मागं नवं मशीन घेतलं तरी पहिल्या दिवशी आधी कंपनीशी ओळख करून द्यायची, मग घरात घ्यायचं. सानिका म्हणाली, "ह्याला आमच्या आजोळी चकवा म्हणतात. 'नंतर करा' दाबलं की फिरून त्याच पडद्यावर." आजोळ तिचं भुदरगडाकडं, त्यामुळं चकव्याबद्दल तिचं मत मी अधिकृत मानतो.

तिथूनच नावांचा विषय निघाला. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला नाव लागतं, पीसी-१, पीसी-२ कुणालाच नको होतं. डेस्कटॉप सर्व्हर होणार, म्हणून तो वेताळ, भुतांचा राजा. प्रथमेशची हरकत : शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम आहे, आपल्या पेठेत हे नाव लावलं तर फुटबॉलच्या हंगामात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हरकत नोंदवली आणि फेटाळली. लॅपटॉप मुंजा-१ ते मुंजा-८. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, पिंपळावर बसून राहिलेला. ऐन उमेदीत मेले म्हणून जाहीर झालेल्या लॅपटॉपना दुसरं नाव शोभलं नसतं.

सानिकाची आणखी एक मागणी मान्य : लॉगिन केल्यावर भुतांचं एखादं बोलणं पडद्यावर यावं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, अमावस्या

लक्ष्मीपूजन, काम बंद. पण अमावस्या म्हटल्यावर सानिकानं पहिला संवाद पाठवलाच.

वेताळ : आज अमावस्या. पालखी काढायची. सगळी हजर?
मुंजा : हजर. पण पालखी ओटीपी मागाय लागलीया.
वेताळ : पालखी?
मुंजा : नवीन घेतली न्हवं तुम्ही. स्मार्टवाली.
हडळ : मी म्हटलं हुतं, जुनीच बरी. चार भोई, भानगड न्हाई.
वेताळ : बरं, ओटीपी कुठल्या नंबरवर गेलाय?
मुंजा : तुमच्या जिवंतपणीच्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्रिंटर. नाव खवीस, कारण अंगावर येतो.

टोनरवर एक छोटी चिप आहे. ती छापलेली पानं मोजते आणि ठरलेला आकडा झाला की टोनर संपला असं सांगते. आत पावडर आहे की नाही हे ती बघत नाही. रिफिल केलेला टोनर घातला तर आधी चालला, मग वायफायवरून फर्मवेअरचं, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅमचं, अपडेट आलं आणि पडद्यावर "अनधिकृत टोनर". गेल्या महिन्यात चाललेला तोच टोनर, तेच यंत्र, तीच खोली.

इलाज साधा निघाला. गल्लीतल्या रिफिलवाल्यानं नवी चिप बसवून दिली. मग खवीसचं वायफाय बंद केलं, यूएसबीनं वेताळला जोडलं आणि कप्स या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेतून सगळ्या मुंजांना वाटून दिला. आता बाहेरून त्याच्या कानात कुणी काही सांगू शकत नाही.

जेवणाच्या सुट्टीत पोरांना जुनी गोष्ट सांगितली. १९८० च्या आसपास अमेरिकेत एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरचा कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय रिचर्ड स्टॉलमननं स्वतः लिहिली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे बदलता येईल असा मूळ प्रोग्रॅम, मिळेना. कार्नेगी मेलनमधल्या ज्याच्याकडं तो होता, त्यानं गुप्ततेचा करार केलाय म्हणून नकार दिला. पुढं सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमननं ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि आज आठ मुंजांच्या पोटात ग्नूची कितीतरी साधनं आहेत. एवढं सगळं अडकलेल्या कागदावरून. प्रथमेशला हे फार आवडलं. कारण प्रिंटरवर राग काढणं त्याला परकं नाही.

लेक्समार्क कंपनीचा खटलाही सांगितला. ३० मे २०१७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की टोनर एकदा विकला की त्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. रिफिल करणाऱ्यावर पेटंटचा दावा लावता येत नाही. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग चिप कशाला काढतील? कायद्यानं हात बांधले तर चिपनं सोडवून घेतले." कायद्यावरची टीका इतक्या कमी शब्दांत मी वकिलांकडूनही ऐकलेली नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

भुतांच्या बोलण्याचं तांत्रिक काम. लिनक्सवर काउसे नावाचा जुना गमतीचा प्रोग्रॅम आहे. अक्षरांनी काढलेली गाय आणि तिच्या तोंडातून निघालेल्या चौकटीत आपलं वाक्य. गायीच्या जागी स्वतःचं चित्र देता येतं. सानिकानं वेताळ काढला, डोक्यावर जटा, पायात चपला. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात, म्हणून आमच्या वेताळालाही. कोल्हापुरीच, हे सांगायला नको. यंदा जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला गावाचं नाव न घेता चालवल्या, तेव्हापासून इथं हा विषय हळवा आहे.

चित्र जमलं, चौकट फाटली. उजवी कड प्रत्येक ओळीला वेगळ्या जागी. कारण प्रोग्रॅम युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतातली चिन्हं मोजतो, पडद्यावरची रुंदी नाही. "क्षि" म्हणजे त्याच्या हिशेबानं चार : क, हलन्त, ष आणि वेलांटी. पडद्यावर मात्र एकच अक्षर. शिवाय लिनक्सच्या काळ्या मजकुरी कन्सोलवर देवनागरी उमटतच नाही, कारण तिथल्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि अक्षरं जोडायची सोय नसते. म्हणून संदेश चित्रमय लॉगिननंतरच्या खिडकीत आणला आणि उजवी कड काढून टाकली. सानिकानं पायथनमध्ये चाळीसेक ओळींचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला, नाव भूतबोले.

हे असं उघडून, नको ती कड छाटून परत लावता येणं, हीच मला या सगळ्यातली खरी चैन वाटते. बाकी फुकट मिळालं वगैरे दुय्यम.

१ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस सीड्यांचा. तालमीच्या स्मरणिका पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये लावलेल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ ची. लिब्रे ऑफिसचा ड्रॉ या फाइली उघडतो, ती सोय त्यात २०१५ पासून आहे. पानं उघडली. चौकटी, रेघा, फोटोंच्या जागा, सगळं दिसलं. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

पोरांना समजेना, कारण त्यांनी युनिकोडआधीचा जमाना पाहिलेला नाही. तेव्हा मराठीचे फॉन्ट विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची मांडणी आपापली होती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा तुकडा बसवायचा. एकाच्या फॉन्टमध्ये जिथं "क" तिथं दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये काना. तो फॉन्ट, आणि बऱ्याचदा तो चालवायला संगणकाच्या मागं लावायचं डोंगल, जवळ असेल तोवरच तुमचं लिखाण तुमचं. महाराष्ट्रातल्या किती छापखान्यांत, किती संस्थांच्या कपाटांत अशा न वाचता येणाऱ्या फाइली पडल्या असतील! स्मार्टफोनच्या कुलपांवर सगळे बोलतात. मराठीचं हे कुलूप त्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि ते लावून घेताना आपण पैसेही मोजले.

ह्या फाइलींचं नाव ब्रह्मराक्षस. विद्या सगळी पोटात, पण सांगणार नाही.

सानिका म्हणाली, "मी करतो दादा," आणि तक्ता बनवायला बसली. छापील स्मरणिकेची एक प्रत आबांच्या घरी निघाली, तिच्यावरून चिन्ह आणि अक्षर जुळवत गेलो. नुसत्या अदलाबदलीनं भागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफार उलटा : जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये "र्" आधी. म्हणजे "कीर्ती"सारखा शब्द ओळीत उभा राहून कवायत केल्यासारखा इकडचा तिकडं हलवावा लागतो. जोडाक्षरांवर वेलांटी आली की आमचा पहिला नियम फसायचा, तिथं अख्खं जोडाक्षर धरून हलवायची तरतूद केली.

संध्याकाळी पहिलं वाचता येणारं पान आलं. कुस्ती मैदानाचा वृत्तान्त, जाहिराती आणि दिवंगत पैलवानांची यादी. आबा चष्मा वर करून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येकाच्या घराचा पत्ता सांगत होते. काम तासभर थांबलं, कुणाची तक्रार नव्हती.

ब्रह्मराक्षस : मला चारी वेद पाठ आहेत.
मुंजा : म्हणून दाखवा की.
ब्रह्मराक्षस : आधी डोंगल आण.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरारी पौर्णिमा. पोरं पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लावायला गेली होती, दुपारी डोळे चोळत आली. तेवढ्यात टीव्हीचं काम उरकलं.

टीव्ही म्हणजे हडळ. पाय उलटे : आपण तिच्याकडं बघतो असं वाटतं, प्रत्यक्षात तीच आपल्याकडं बघत असते. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. अशा टीव्हींमध्ये पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कळवणारी यंत्रणा असते. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीनं अमेरिकेत याच प्रकरणात २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून प्रेक्षकांच्या नकळत माहिती गोळा केल्याचा आरोप होता.

हडळीला इंटरनेट दिलंच नाही. एचडीएमआयनं वेताळला जोडली. वेताळवर किविक्स आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवलाय. नेट गेलं तरी वाचता येतो.

९ नोव्हेंबर, रविवार

टॅबलेट, म्हणजे समंध. पुरलेल्या धनावर बसून राहणारे.

पहिला सोपा. रीसेट केल्यावर जुन्या मालकाचं गूगल खातं मागत होता. ही सोय अँड्रॉइडमध्ये ५.१ पासून, २०१५ पासून आहे आणि माझ्या मते चांगली आहे. चोरलेला फोन चोराला वापरता येऊ नये. देणगीदार काका आले, पासवर्ड घातला, खातं काढलं, चहा घेतला, गेले. कुलपाशी माझं भांडण नाही. किल्ली ज्याची वस्तू त्याच्याकडं होती.

दुसरा एका शिकवणी कंपनीचा. पालकांनी पूर्ण पैसे भरून घेतलेला. अभ्यासक्रम संपला, वर्गणी संपली, पण टॅबलेट त्या एका ॲपच्या बाहेर यायला तयार नाही. बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम, कुलूपबंद, उघडायची अधिकृत वाट नाही. कंपनीच्या मदत क्रमांकावर रेकॉर्ड केलेली बाई बोलते. प्रथमेशला कुठूनतरी मिळवलेलं टूल चालवून बघायचं होतं. कसल्या टूलमध्ये काय असतं कुणास ठाऊक, ते अभ्यासिकेच्या नेटवर्कवर नको म्हणून मी नाही म्हटलं. पडदा चांगला, बॅटरी चांगली, प्रोसेसर मुंजांपेक्षा फार मागं नाही. तो ई-कचऱ्याच्या खोक्यात गेला.

वेताळ : समंधा, कशावर बसलायस?
समंध : हंड्यावर.
वेताळ : हंडा कुणाचा?
समंध : मालकाचा.
वेताळ : मालक कुठाय?
समंध : ह्यो काय, समोर उभा हाय. ओळख पटंना झालीया.

आबांना खोकं बघवेना. "हितं बाहेरचं इंजिन आलं की पयल्यांदा खोलून बघायचे. परत जोडता आलं न्हाई तर दुसरं बनवायचे." यात बढाई असेल, पण थोडी. आनंदराव पेंटरांनी याच गावात प्रोजेक्टरवरून सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये ते गेले, आणि बाबूराव पेंटर व दामल्यांनी तो १९१८ मध्ये पुरा केला. 'सैरंध्री' १९२० मध्ये आला तो त्यानंतर. तो प्रोजेक्टर सीलबंद असता आणि उघडल्यावर बंद पडला असता तर?

भारतात सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल काढलं. त्यावर कंपन्यांची सेवा केंद्रं आणि माहितीपुस्तिका मिळतात. उपयोगी आहे. पण बंद बूटलोडरला कुठलं सेवा केंद्र?

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रथमेशनं अभ्यासिकेतली जागा राखायचं छोटं अँड्रॉइड ॲप लिहिलंय. फाइल व्हॉट्सॲपवरून वाटायचा विचार. त्यावरून आज चांगलाच वाद झाला.

गूगलनं ऑगस्टमध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवलेल्या विकसकांचीच ॲप बसतील, प्ले स्टोअरच्या बाहेरून घेतली तरी. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून इतरत्र. टीकेनंतर या आठवड्यात थोडं सैल केलं : विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं खातं, आणि धोका पत्करून बसवू इच्छिणाऱ्या जाणत्यांसाठी वेगळी वाट.

प्रथमेशचं म्हणणं, माझ्याच तालमीतल्या पोरांच्या फोनवर माझंच ॲप, मधे कॅलिफोर्निया कशाला? आबांचं म्हणणं वेगळं. वाहनाच्या दंडाची, लग्नपत्रिकेची म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल येते, म्हातारी माणसं दाबतात आणि खातं रिकामं होतं. "आमच्यासारख्याला कुलूपच बरं."

आबांचा मुद्दा मला टाळता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरवाले तो फार सहज टाळतात. पण संरक्षण देणारा आणि दुकान चालवणारा एकच असला की तो कुठल्या वेळी कुठली टोपी घालतो हे आपल्याला कळत नाही. भारताच्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्याच प्रकरणात १३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला, तो या दुसऱ्या टोपीसाठी. प्रथमेशचं ॲप तूर्त वेताळवरून साध्या वेबपानाच्या रूपात चालवायचं ठरलं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मुंजा : गुरुजी, मला पिंपळावर झोका बांधायचाय.
वेताळ : आधार कार्ड?
मुंजा : मी मेलोय.
वेताळ : मग हयातीचा दाखला आण.

२३ नोव्हेंबर, रविवार

बैठक. कार्यकारिणीचं म्हणणं, अभ्यासिकेत रील आणि यूट्यूब बंद करा. तांत्रिकदृष्ट्या सोपं, वेताळवर पाय-होल हा साइट अडवणारा प्रोग्रॅम आहे, यादीत नावं घालायची की झालं. मला ते नको होतं. एवढं सगळं उघडायचं आणि शेवटी आपणच कुलूप लावायचं?

सानिकानं विषय दुसरीकडून धरला. यादी कोण बदलणार? वेताळचा रूट, म्हणजे सगळे अधिकार देणारा, पासवर्ड कुणाकडं? आजवर माझ्याकडंच होता, काम चालू होतं म्हणून. "मग तुम्ही गावाला गेला की आम्ही कुणाच्या मदत क्रमांकावर फोन लावायचा?"

ठरलं ते असं. पासवर्ड लिफाफ्यात बंद करून खजिनदारांच्या कपाटात, दुसरी प्रत सानिकाकडं. बंद साइटची यादी कुठल्याही मुंजावर कुणालाही वाचता येईल, प्रत्येक ओळीपुढं ती कुणी आणि का घातली ते लिहिलेलं. बदल फक्त अभ्यासिकेत बसणाऱ्यांच्या मतानं, कार्यकारिणीच्या नाही.

आणि लगेच मत घेतलं. पोरांनीच बहुमतानं सकाळी ७ ते ११ यूट्यूब बंद ठेवायचा ठराव केला. कार्यकारिणी खूश, मी गप्प, प्रथमेश भडकलेला, कारण फुटबॉलच्या क्लिपा तो सकाळीच बघतो. पुढच्या महिन्यात फेरमतदान मागणार आहे. ठरावात तशी तरतूद आहे.

बाकी कामं : खवीसचा टोनर उतरलाय, रिफिलवाल्याला सोमवारी बोलवायचं. मुंजा-५ ची बिजागरी आबा स्वतः पितळेत करून आणणार. २००४ ची स्मरणिका अर्धी झाली, त्यातल्या एका जाहिरातीचा फॉन्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा निघालाय, त्याला दुसरा तक्ता लागेल. भूतबोलेच्या फाइलीत प्रथमेशनं रागारागात भर घातली आहे, ती तशीच ठेवली :

मुंजा : राजे, मला यूट्यूब उघडून द्या.
वेताळ : मतदानाला आलतास?
मुंजा : आलतो. हरलो.
वेताळ : मग अकरा वाजता ये. मीपण तेव्हाच बघतो.